ऱ्हाईन नदी आणि खालच्या काठचा हिशेब

१ नोव्हेंबर १९८६. मध्यरात्र उलटून थोडाच वेळ झाला होता. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराला लागून असलेल्या श्वाइट्सरहाले इथे सँडोझ कंपनीच्या ९५६ क्रमांकाच्या गोदामाने पेट घेतला. आत सुमारे १,३५० टन रसायनं होती: कीटकनाशकं, पारा असलेली बुरशीनाशकं, रंग. बाझलमध्ये भोंगे वाजले, घाणेरडा वास शहरभर पसरला, दारं-खिडक्या बंद करून घरातच राहा असं लोकांना सांगण्यात आलं. अग्निशमन दलाने तासन् तास पाणी मारलं आणि पहाटेपर्यंत आग आटोक्यात आणली. पण मारलेलं पाणी अडवायला गोदामाभोवती कुंडच नव्हतं. दहा ते पंधरा हजार घनमीटर पाणी, त्यात मिसळलेलं विष आणि एक लाल रंगद्रव्य, गटारांतून थेट ऱ्हाईनमध्ये गेलं. सकाळी नदी लाल दिसत होती.

नदीत नेमकं किती विष उतरलं याचे अंदाज १० ते ३० टनांच्या दरम्यान आहेत. तेवढ्याने खालच्या सुमारे ४०० किलोमीटरच्या पट्ट्यातले वाम मासे जवळपास संपले. मेलेल्या वामांची संख्याच दीड लाखाच्या घरात गेली. जर्मनीत काही गावांना टँकरने पाणी पुरवावं लागलं. नेदरलँड्समध्ये पाणीपुरवठा संस्थांनी नदीतून पाणी उचलणं थांबवलं आणि विषाचा लोंढा देशभरच्या कालव्यांत न शिरता समुद्राकडे निघून जावा, अशा बेताने पाणी अडवणारी दारं चालवली गेली. हा लोंढा उत्तर समुद्रापर्यंत पोचायला दहाएक दिवस लागले.

तपासात समोर आलेलं सर्वात संभाव्य कारण अगदी किरकोळ होतं. प्रशियन ब्लू या रंगाच्या गोण्यांवर प्लास्टिकचं आवरण आवळण्यासाठी ज्योतीचा वापर झाला होता, त्यातून माल आतल्या आत धुमसत राहिला असावा. गोदामातल्या त्रुटींबद्दल एका विमा कंपनीच्या तपासणीने १९८१ मध्येच सावध केलं होतं. भोपाळला दोन वर्षं होत होती, चेर्नोबिलला सहा महिने झाले होते. बाझलचे लोक रस्त्यावर उतरले यात नवल नाही.

इथून पुढची गोष्ट बहुतेकदा चार वाक्यांत सांगितली जाते. अपघात झाला, लोक संतापले, मंत्री जमले, नदी स्वच्छ झाली. मला ही मांडणी अपुरी वाटते, आणि आपल्याकडच्या वाचकासाठी ती घातकही आहे, कारण त्यातून मोठ्या दुर्घटनेची वाट पाहायची असा अर्थ निघतो. ऱ्हाईन सुधारली त्याची मुळं त्या रात्रीच्या कितीतरी आधीची आहेत. नदीच्या शेपटाकडे राहणाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाणी मोजलं, त्याच्या नोंदी ठेवल्या, आणि त्या नोंदी घेऊन ते वरच्यांच्या दारात जात राहिले. आगीने जो दरवाजा उघडला, त्याच्याबाहेर हे लोक कागदपत्रं घेऊन आधीपासून उभे होते.

शेवटच्या टोकाला राहणारे

ऱ्हाईन सुमारे १,२३० किलोमीटर लांब आहे. आल्प्समधून निघून बोडेन सरोवरातून ती बाझलला येते, मग फ्रान्स आणि जर्मनीची सीमा बनते, लुडविग्सहाफेन, माइन्झ, कलोन, डुइसबुर्ग अशी कारखान्यांची शहरं ओलांडून नेदरलँड्समध्ये फुटते आणि रॉटरडॅमजवळ समुद्राला मिळते. खोऱ्यात नऊ देश येतात, सुमारे सहा कोटी लोक राहतात, त्यातले जवळपास तीन कोटी या ना त्या मार्गाने ऱ्हाईनचंच पाणी पितात.

या रचनेत नेदरलँड्सची अवस्था सर्वात बिकट. बाझलच्या औषध कंपन्या, अल्सासच्या खाणी, जर्मनीचा सगळा रसायन उद्योग आणि रुर प्रदेशाचा कोळसा, यांचं जे काही नदीत पडेल ते शेवटी डच लोकांच्या नळात, त्यांच्या काचघरांत आणि बंदराच्या गाळात. नदीचा प्रवाह त्यांना बदलता येत नव्हता आणि वरच्या देशांत त्यांचा कायदा चालत नव्हता.

त्यांनी पुढाकार घेतला आणि जुलै १९५० मध्ये बाझल इथे ऱ्हाईनच्या संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला. त्यात स्वित्झर्लंड, फ्रान्स, लक्झेंबर्ग, जर्मनी आणि नेदरलँड्स होते. महायुद्ध संपून पाच वर्षं झाली होती. डच आणि फ्रेंच माणसाला जर्मन अधिकाऱ्याशेजारी बसून पाण्याचे आकडे तपासायचे होते, ही गोष्ट लहान नव्हती. १९६३ मध्ये बर्नच्या कराराने या आयोगाला कायदेशीर पाया मिळाला. सचिवालय कोब्लेंझला, कर्मचारी मोजके, दंड करण्याचा अधिकार शून्य. पहिली बरीच वर्षं आयोगाने एकच काम धरून ठेवलं: सगळ्या देशांनी एकाच पद्धतीने नमुने घ्यायचे आणि आकडे एकमेकांसमोर ठेवायचे. कंटाळवाणं काम आहे. पण "तुमची प्रयोगशाळा चुकीची" हा वाद एकदा मिटला की पुढचा वाद खऱ्या प्रश्नावर होतो.

डच पाणीपुरवठा संस्थांनी तेवढ्यावर भरवसा ठेवला नाही. १९५१ मध्ये त्यांनी आपली स्वतंत्र संघटना उभी केली, आणि १९७० मध्ये बोडेन सरोवरापासून समुद्रापर्यंतच्या ऱ्हाईनकाठच्या पाणीपुरवठा संस्था एका छत्राखाली आल्या. पाणी शुद्ध करून विकणाऱ्या या लोकांना नदीत काय आहे हे रोज माहीत असावंच लागायचं. जून १९६९ मध्ये एंडोसल्फान या कीटकनाशकाने ऱ्हाईनमध्ये लाखो मासे मेले, तेव्हा ही गरज किती खरी आहे ते सगळ्यांनाच दिसलं.

मिठाचं भांडण

ऱ्हाईनच्या इतिहासातलं सर्वात लांबलेलं भांडण विषाचं नव्हे, मिठाचं आहे. फ्रान्समधल्या अल्सासच्या पोटॅशच्या (खतासाठी लागणाऱ्या खनिजाच्या) खाणी उरलेलं मीठ नदीत सोडत. मिठाने मासे लगेच मरत नाहीत, नदी लालही होत नाही. पण खाली नेदरलँड्समध्ये काचघरांत फुलं आणि भाज्या पिकवणाऱ्यांच्या सिंचनाच्या पाण्यात ते उतरतं, पिकं खुरटतात, आणि पिण्याच्या पाण्याचे पाइप गंजतात.

एका डच रोपवाटिकेने फ्रेंच खाणीवर रॉटरडॅमच्या न्यायालयात दावा लावला. प्रश्न पडला की कृत्य फ्रान्समध्ये आणि नुकसान हॉलंडमध्ये, तर खटला चालवायचा कुठे? ३० नोव्हेंबर १९७६ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की नुकसान झालेल्याला दोन्हीपैकी कुठलंही ठिकाण निवडता येईल. रोपवाटिकेच्या मालकाला फ्रान्सला खेटे घालायची गरज उरली नाही. नदीच्या संदर्भात या निकालाचं महत्त्व सांगावं तेवढं थोडं. खालच्या काठच्या माणसाला आपल्या गावच्या कोर्टात वरच्या काठच्या कंपनीला उभं करता येऊ लागलं, आणि त्याचा परिणाम पुढे रॉटरडॅम बंदराच्या बाबतीत दिसणार होता.

त्याच वर्षी डिसेंबरात बॉनला क्लोराइडचा, म्हणजे या मिठाचा, करार झाला. फ्रान्सने मीठ कमी करायचं, आणि खर्च वाटून घ्यायचा: नेदरलँड्स ३४ टक्के, फ्रान्स ३०, जर्मनी ३०, स्वित्झर्लंड ६. हे आकडे नीट पाहावेत. प्रदूषण ज्याच्या वाट्याला येतं त्याने सर्वात मोठा वाटा उचलला! "प्रदूषण करणाऱ्याने भरावं" या तत्त्वाला हे सरळ धरून नाही, आणि डच संसदेतल्या कुणाला ते रुचलं असेल असं वाटत नाही. तरी त्यांनी ते मान्य केलं, कारण तत्त्व जिंकून पाणी खारटच राहिलं तर उपयोग काय.

एवढं करूनही करार अडला. मीठ जमिनीत खोल सोडायचं ठरलं होतं, त्याला अल्सासच्या लोकांनी विरोध केला. त्यांना आपल्या भूजलाची भीती होती. फ्रान्सने करार संसदेतून मागे घेतला. १९७९ च्या अखेरीस नेदरलँड्सने पॅरिसमधून आपला राजदूत परत बोलावला. मिठासाठी राजदूत! करार प्रत्यक्ष लागू व्हायला १९८५ उजाडलं.

मैलापाण्याचं काम आधीच झालं होतं

आगीच्या गोष्टीत हा भाग नेहमी गळतो. ऱ्हाईनची सर्वात वाईट अवस्था १९७० च्या आसपास होती. १९७१ मध्ये काही पट्ट्यांत विरघळलेला प्राणवायू लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेला. अशा पाण्यात मासा टिकत नाही. कारण साधं होतं, शहरांचं मैलापाणी आणि कारखान्यांचं सेंद्रिय सांडपाणी.

उपायही साधाच होता, फक्त महाग. नेदरलँड्सने १९७० च्या कायद्याने सांडपाण्यावर आकारणी सुरू केली. जर्मनीने १९७६ मध्ये सांडपाणी शुल्काचा कायदा केला आणि १९८१ पासून वसुली सुरू झाली: जितकी घाण नदीत सोडाल तितके पैसे भरा, कमी सोडाल तर कमी भरा. लुडविग्सहाफेनला बीएएसएफ या रसायन कंपनीचा अवाढव्य सांडपाणी प्रकल्प १९७४ मध्ये सुरू झाला. गावोगावी शुद्धीकरण केंद्रं उभी राहिली. आज खोऱ्यातली सुमारे ९६ टक्के वस्ती मैलापाणी प्रकल्पांना जोडलेली आहे. प्राणवायूचा आलेख १९८६ च्या कितीतरी आधी वर चढायला लागला होता.

नदी वाचवण्यातलं निम्म्याहून अधिक काम हेच असतं, असं माझं मत आहे. पाइप, पंप, टाक्या, वीजबिल, देखभाल. यातलं काहीच फोटोत चांगलं दिसत नाही.

जे जमत नव्हतं ते रसायनांचं. १९७६ चा रासायनिक प्रदूषणाचा करार होता, पण प्रत्येक पदार्थाची मर्यादा सर्वसंमतीने ठरवायची अट होती. दहा वर्षांत मोजक्याच पदार्थांवर एकमत झालं. आगीनंतरच्या आठवड्यांत हेही उघड झालं की सँडोझ एकटी नाही. त्याच सुमारास सिबा-गायगी या कंपनीकडून ॲट्राझिन हे तणनाशक नदीत गेलं होतं, आणि नोव्हेंबरमध्येच बीएएसएफकडून टनभराहून अधिक तणनाशक सुटलं. लोक पाण्याकडे बघत होते म्हणून हे बाहेर आलं.

सॅमन का निवडला

१२ नोव्हेंबर १९८६ ला झ्युरिकला आणि १९ डिसेंबरला रॉटरडॅमला ऱ्हाईनकाठच्या देशांचे मंत्री जमले. रॉटरडॅमच्या बैठकीच्या अध्यक्षपदी डच मंत्री नेली स्मिट-क्रूस होत्या. १ ऑक्टोबर १९८७ ला स्ट्रासबूर्गमध्ये ऱ्हाईन कृती कार्यक्रम मंजूर झाला. त्यात ठळक उद्दिष्टं तीन. सन २००० पर्यंत सॅमनसारखे स्थलांतर करणारे मासे नदीत परत यावेत. साध्या शुद्धीकरणाने पाणी पिता यावं. आणि गाळ इतका निर्धोक असावा की तो जमिनीवर किंवा समुद्रात टाकता यावा. उत्तर समुद्राच्या रक्षणाचं चौथं उद्दिष्ट नंतर जोडलं गेलं.

सॅमन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला उगमाकडच्या ओढ्यांत येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऱ्हाईनमध्ये वर्षाला काही लाख सॅमन पकडले जात. १९५० च्या दशकापर्यंत तो नाहीसा झाला. त्याला परत आणायचं तर पाणी स्वच्छ हवं, बंधाऱ्यांतून वाट हवी, अंडी घालायला वाळू-गोट्यांचा तळ हवा. एकाच माशात सगळ्या मागण्या बसतात, आणि समुद्रापासून आल्प्सपर्यंतचा एकही देश "हे आमचं काम नाही" म्हणू शकत नाही. मिलिग्रॅमचे तक्ते मंत्र्यांच्या लक्षात राहत नाहीत. मासा परत आला की नाही हे शाळकरी मुलालाही कळतं. ही निवड मला या सगळ्या प्रकरणातली सर्वात शहाणपणाची वाटते.

दुसरी गोष्ट पद्धतीची. कृती कार्यक्रम कायद्याने बंधनकारक नव्हता. निवडक घातक पदार्थ १९८५ च्या तुलनेत १९९५ पर्यंत निम्म्यावर आणायचे, हे ठरलं. कसं, ते प्रत्येक देशाने आपलं बघायचं, आणि काय केलं ते ठराविक काळाने सगळ्यांसमोर मांडायचं. करारात शब्दाशब्दावर घासाघीस करणारे देश इथे मोठी वचनं द्यायला तयार झाले, कारण चुकलं तर खटला होणार नव्हता. पण आकडे जाहीर होणार होते. बहुतेक पदार्थांत घट ७० टक्क्यांच्या पुढे गेली. नत्राच्या बाबतीत मात्र उद्दिष्ट हुकलं. नत्र शेतातून येतं, आणि शेताला पाइपचं एक तोंड नसतं की तिथे गाळणी बसवावी.

रॉटरडॅमचा गाळ

रॉटरडॅम बंदराला जहाजांची वाट मोकळी ठेवण्यासाठी दरवर्षी सुमारे दोन कोटी घनमीटर गाळ उपसावा लागे. पूर्वी तो शेतांवर पसरवत किंवा समुद्रात टाकत. मग तपासण्यांत दिसलं की त्यातला मोठा भाग कॅडमियम, पारा आणि इतर विषांनी भरलेला आहे. तो साठवायला बंदराने १९८७ मध्ये समुद्राकाठी स्लुफ्टर नावाचं प्रचंड कुंड बांधलं. त्याची क्षमता १५ कोटी घनमीटर. वरच्या कारखान्यांची घाण साठवायला खालच्या शहराने खड्डा खणला, स्वतःच्या पैशाने.

पण ते तिथे थांबले नाहीत. १९८४ पासून रॉटरडॅमने ऱ्हाईन संशोधन प्रकल्प चालवला. त्यांची माणसं नदीने वर वर जात राहिली, नमुने घेत राहिली, आणि कोणत्या पाइपातून कोणता धातू किती पडतो याची यादी तयार झाली. दुसरीकडे वकिलांनी नुकसानभरपाईचा पाया तपासला. मग कंपन्यांना निरोप गेला: हे तुमचे आकडे, हा आमचा गाळाचा खर्च, ठराविक मुदतीत सोडणं कमी करण्याचा करार करा, आम्ही जुन्या नुकसानीचा दावा सोडून देतो. नाहीतर कोर्ट आहेच. मिठाच्या खटल्यातल्या निकालामुळे ही धमकी पोकळ नव्हती. एकामागून एक कंपन्यांनी सह्या केल्या. १९९१ मध्ये जर्मन रसायन उद्योगाच्या संघटनेशीही करार झाला.

हे वाचताना मला उजनी आठवल्याशिवाय राहत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी पवना, इंद्रायणी आणि मुळा-मुठेतून भीमेत येतं, भीमा उजनी धरणात थांबते, आणि ते पाणी सोलापूर पितं. भीमेच्या वरच्या अंगाला कोणत्या नाल्यातून रोज काय पडतं, याची स्वतःची यादी सोलापूरने ठेवली तर? तिथे परकं सरकार नाही, वेगळी भाषा नाही, राजदूत बोलावण्याची वेळ नाही. एकाच राज्यात दोन महापालिका आमनेसामने बसू शकतात.

पाणपिसवांचा पहारा

आगीच्या रात्री खालच्या देशांना वेळेवर आणि पुरेशी माहिती मिळाली नाही, ही तक्रार सर्वात तीव्र होती. आज बाझलच्या खाली वाइल आम ऱ्हाईन इथे नदीवर देखरेख केंद्र आहे. १९९३ मध्ये ते सुरू झालं आणि त्याचा खर्च स्वित्झर्लंड आणि जर्मनीचं बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य मिळून करतात. स्वित्झर्लंड स्वतःच्या सीमेतून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तपासणीसाठी पैसे भरतं! नदीच्या रुंदीत पाच ठिकाणांहून पाणी सतत खेचलं जातं, कारण एका काठाने सोडलेली रसायनं कितीतरी किलोमीटर त्याच काठाने वाहतात आणि दुसऱ्या काठच्या नमुन्यात दिसतही नाहीत. जर्मन-डच सीमेवर बिमेन-लोबिथला असंच संयुक्त केंद्र आहे.

यंत्रांच्या जोडीला नदीकाठच्या केंद्रांत पाणपिसवा (पाण्यातले पिसवेएवढे जीव) आणि शिंपले ठेवले गेले. यंत्र ज्या पदार्थासाठी लावलं आहे तेवढंच सांगतं. पाणपिसवेची हालचाल बदलली की कुठलं तरी विष आलं एवढं तरी कळतं, नाव नंतर शोधता येतं. विषाचा लोंढा कुठे केव्हा पोचेल याचं गणित करणारं प्रारूपही खोऱ्यातल्या सगळ्यांसाठी तयार आहे. खालच्या शहराला तासांचा अवधी मिळाला तरी पाणी उचलणं बंद करता येतं. कारखान्यांच्या बाजूने, आग विझवण्याचं पाणी अडवणारी कुंडं आता नियमातच आली.

राहिलेलं

१९९० मध्ये ऱ्हाईनच्या सीग या उपनदीत परतलेला सॅमन सापडला. २००० मध्ये तो समुद्रापासून सुमारे ७०० किलोमीटरवरच्या इफेत्सहाइम बंधाऱ्याच्या नव्या मत्स्यमार्गातून, म्हणजे माशांसाठी काढलेल्या वाटेतून, वर चढताना दिसला. स्टर्जन वगळता जुने बहुतेक सगळे मासे परतले आहेत. उन्हाळ्यात बाझलचे लोक कपडे जलरोधक पिशवीत बांधून नदीत पोहतात.

तरी मूळ ऱ्हाईनचा सॅमन कायमचा गेला. आजचे मासे दुसऱ्या नद्यांमधून आणलेल्या अंड्यांपासून वाढवलेले आणि त्यांची प्रजा, आणि अजून दरवर्षी पिल्लं सोडावी लागतात. नेदरलँड्सच्या मोठ्या नद्यांमध्ये वाम पकडायला २०११ पासून बंदी आहे, कारण त्यांच्या चरबीत डायऑक्सिन हे विष साठतं. वरचं पाणी स्वच्छ झालं तरी गाळ जुनंच सोडत राहतो. औषधांचे अंश आणि पीएफएएससारखी न विघटणारी रसायनं नेहमीच्या मैलापाणी प्रकल्पातून सुटतात. स्वित्झर्लंडने २०१६ पासून माणशी वर्षाला जास्तीत जास्त ९ फ्रँक आकारून निवडक प्रकल्पांत ओझोन आणि सक्रिय कोळशाची पायरी जोडायला सुरुवात केली. २०२० मध्ये ॲमस्टरडॅमला मंत्र्यांनी २०४० पर्यंत अशा सूक्ष्म प्रदूषकांत किमान ३० टक्के घट ठरवली.

आणि बंधारे. फ्रान्सच्या बाजूने वरच्या ऱ्हाईनवर जलविद्युत प्रकल्पांची रांग आहे. स्ट्रासबूर्गला २०१६ मध्ये आणि गेर्स्टहाइमला २०१९ मध्ये मत्स्यमार्ग सुरू झाले, त्याच्या वरच्या बंधाऱ्यांचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. सॅमन २०२० पर्यंत बाझलला पोचू शकेल अशी वाट मोकळी करण्याचं उद्दिष्ट मंत्र्यांनी २०१३ मध्ये बाझललाच पुन्हा मान्य केलं होतं. ती मुदत उलटून गेली आहे.